पेट्रोल, पी-थ्री फॉर्म आणि चीफची खुर्ची

प्रश्न असा आला आहे: मुलींचा खतना ही प्रथा समाजाची. आई-आजी पुढाकार घेऊन करवून घेतात, घरात किंवा गावात गुपचूप उरकतात. मग ती संपवण्यात सरकारचा, ज्याला आपण ‘सुशासन’ म्हणतो त्याचा, वाटा नेमका किती? कायदा केला की झालं का? आणि कायदा असूनही चालूच राहत असेल तर त्या कायद्याचा उपयोग काय?

‘सुशासन’ हा शब्द आला की अर्धे लोक जांभई देतात, त्यात मीही आले. कार्यशाळेच्या बॅनरवर शोभणारा शब्द आहे तो. पण या एका विषयात तो मला फार ठोस दिसतो, कारण मी तो पेट्रोलच्या पावतीत आणि न भरलेल्या फॉर्ममध्ये पाहिला आहे. आधी काही वर्षं मराठवाड्यात बालविवाहांवर काम केलं, मग नऊ वर्षं केनियात, बहुतेक काळ नैऋत्येकडच्या कुरिया भागात आणि मासाईंच्या नारोकमध्ये. त्यामुळे उत्तर मुख्यतः केनियाचं देते. शेवटी आपल्या दाराशीही यावंच लागेल.

आधी शब्दांबद्दल. खतना म्हणजे मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग वैद्यकीय कारण नसताना कापणं किंवा त्याला इजा करणं. जागतिक आरोग्य संघटना त्याचे चार प्रकार करते. एका टोकाला टोचणं-खरवडणं, तर दुसऱ्या टोकाला सगळं कापून शिवून टाकणं. युनिसेफच्या 2024 च्या अंदाजानुसार आज जगात 23 कोटींहून जास्त मुली-बायका यातून गेलेल्या आहेत. त्यातल्या 14 कोटींहून अधिक आफ्रिकेत आणि तब्बल 8 कोटी आशियात. हा आशियाचा आकडा ऐकून लोक दचकतात. ‘ते तिकडचं’ म्हणायची सोय त्याने जाते.

केनियात कायद्याची पहिली मोठी परीक्षा इंग्रजांच्या काळातच झाली, आणि सपशेल नापास झाली. 1956 मध्ये मेरू भागात ज्येष्ठांच्या परिषदेने, ‘न्जुरी न्चेके’ने, मुली कापण्यावर बंदी घातली. कागदावर बंदी स्थानिकांची, पण मागे उभा गोरा जिल्हाधिकारी, आणि काळ इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ उठावाचा. घडलं काय, तर मुलींनी रानात जाऊन ब्लेडने एकमेकींना कापायला सुरुवात केली. त्यांना नावच पडलं ‘न्गाइताना’, म्हणजे ‘मी स्वतःच स्वतःला कापेन’. पुढच्या तीन वर्षांत बंदी मोडल्याबद्दल 2,400 च्या वर मुली, बाया आणि पुरुषांवर खटले भरले गेले. ज्यांना वाचवायचं त्यांच्यावरच खटले! त्याआधी 1929 मध्ये मिशनच्या चर्चने किकुयू जमातीत असाच आग्रह धरला होता. लोकांनी चर्च सोडलं आणि स्वतःच्या शाळा काढल्या, पण कापणं सोडलं नाही. ही प्रथा स्वातंत्र्याच्या लढ्याची निशाणी होऊन बसली. तिथे काम करणाऱ्या कुणालाही अजून हे ओझं वाहावं लागतं. बैठकीत एखादा म्हातारा उठून शांतपणे विचारतो, ‘हे तुम्हाला कोणी पाठवलंय?’ माझ्या बाबतीत तर रास्तच प्रश्न.

स्वातंत्र्यानंतर 1982 मध्ये अध्यक्ष मोई यांनी बंदी जाहीर केली, पण भाषणातून. मागे कायदा नाही, तरतूद नाही. 1996 मध्ये संसदेत बंदीचा ठराव आला तो पडला. 2001 च्या बालकायद्यात अठराखालच्या मुलींना संरक्षण मिळालं. आणि मग 2011 चा स्वतंत्र कायदा.

हा कायदा मी वाचला तेव्हा मला तो कुणीतरी गावात राहून लिहिलाय असं वाटलं. संमती हा बचाव होऊच शकत नाही, कारण ‘मुलगी स्वतःहून तयार होती’ हे वाक्य प्रत्येक खटल्यात येणार हे त्यांना ठाऊक होतं. मुलीला सीमेपलीकडे नेऊन कापून आणलं तरी गुन्हा. माहिती असून कळवलं नाही तरी गुन्हा. मृत्यू झाला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. आणि माझं आवडतं कलम पंचविसावं: न कापलेल्या बाईला, किंवा न कापलेल्या बाईशी लग्न केलेल्या पुरुषाला, त्यावरून हिणवलं तरी किमान सहा महिने कैद, किमान 50,000 शिलिंग दंड किंवा दोन्ही. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं. कुरियात न कापलेल्या मुलीला ‘ओमोसागाने’ म्हणतात. विहिरीवर, बाजारात, सासूच्या तोंडी हा एक शब्द किती मुलींना डिसेंबरात, कापण्याच्या हंगामात, रांगेत उभं करतो हे ज्याने पाहिलंय, त्याला ते कलम हास्यास्पद वाटत नाही. त्याखाली शिक्षा झालेलं मी स्वतः एकही प्रकरण पाहिलं नाही. पण एका शिक्षिकेने ते कलम स्टाफरूमच्या भिंतीवर हाताने लिहून चिकटवलं होतं, आणि तिला त्या शब्दाने हाक मारायचं लोकांनी बंद केलं होतं.

1956 आणि 2011 मध्ये फरक काय? 2010 ची राज्यघटना लोकांनी सार्वमताने स्वीकारली होती. विधेयकामागे ज्या समाजांत कापतात त्याच समाजांतून निवडून आलेले खासदार होते, बायाही आणि पुरुषही. पुढे एका डॉक्टरबाईंनीच कायद्याला आव्हान दिलं: सज्ञान बाईला स्वतःच्या शरीराचा निर्णय घेऊ द्या. उच्च न्यायालयाच्या तिघा न्यायाधीशांनी सगळं ऐकून मार्च 2021 मध्ये याचिका फेटाळली, आणि उलट कायदा आणखी कडक करून सर्व प्रकार त्यात आणा असं सांगितलं. भांडण रानात न होता कोर्टात झालं, हेच मला मोठं वाटतं.

आता आकडे. राष्ट्रीय आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या कापलेल्या बायकांचं प्रमाण 1998 मध्ये 38 टक्के होतं. 2008-09 मध्ये 27, 2014 मध्ये 21, आणि 2022 मध्ये 15. म्हणजे उतार कायद्याच्या आधीच लागला होता. शाळा, शहर, चर्च, पगाराची नोकरी यांनी तो लावला. कायद्याचं श्रेय त्याच्या वाट्याचंच द्यावं. आणखी एक गंमत लक्षात घ्या. 2005 साली बाराव्या वर्षी कापलेली मुलगी या टक्केवारीत 2042 पर्यंत राहणार आहे. त्यामुळे सरकार काम करतंय का हे या आकड्यावरून पाहू नये, पंधरा ते एकोणीस वयोगटाचा आकडा वेगळा काढून मागावा. मी बैठकांत हे इतक्यांदा बोलले आहे की मला पाहिलं की लोक आपणहून ते पान उघडायचे.

कायदा इतका चांगला, मग अडतं कुठे? एक रात्र सांगते.

कुरियात कापण्याचा हंगाम डिसेंबरचा. शाळांना मोठी सुट्टी असते, जखम भरायला वेळ मिळतो. पहाटे मुलींना नेतात, मग वाजतगाजत घरी आणतात, अंगावर नवे कांगा (तिकडची रंगीत वस्त्रं), कपड्यांना टाचलेल्या नोटा, सोबत काठ्या-कोयते घेतलेले तरुण. भीतीइतकाच तो मानाचा दिवस असतो, हे विसरून चालत नाही. त्या रात्री एक तेरा वर्षांची मुलगी पळून शिक्षिकेच्या घरी आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत शाळेचा गणवेश आणि गणिताची वही. उद्या पहाटे तिची आणि धाकट्या चुलत बहिणीची पाळी होती. शिक्षिकेने ठाण्यात फोन केला. ठाण्यातला माणूस सज्जन होता. तो म्हणाला, गाडी आहे, पेट्रोल नाही. महिन्याचा कोटा वीस तारखेलाच संपलाय. तुम्ही पेट्रोल घाला, आम्ही निघतो.

आम्ही घातलं. दर वेळी कुणीतरी घालतं, संस्था, चर्च, कधी शिक्षिका स्वतःच्या पगारातून. त्या रात्री पंपावर जाऊन येईपर्यंत तास-सव्वा तास गेला आणि धाकटी वाचली नाही. म्हणजे जिवंत होती, पण कापून झालं होतं.

पुढचं ऐका. गुन्हा नोंदवहीत चढला, नंबर मिळाला. मग पी-थ्री फॉर्म. केनियात मारहाण-इजेच्या कोणत्याही खटल्याला हा पोलिसांचा वैद्यकीय फॉर्म लागतो. डॉक्टर किंवा क्लिनिकल ऑफिसर तपासून तो भरतो आणि नंतर कोर्टात येऊन साक्ष देतो. फॉर्म फुकट आहे, पण ठाण्यात कोरा फॉर्म नव्हता, बाजारातून झेरॉक्स काढून आणा म्हणाले. ज्या क्लिनिकल ऑफिसरने भरला त्याची तीन महिन्यांत दुसऱ्या टोकाला बदली झाली. तारखेला यायचं तर भाडं कोणी द्यायचं, यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार. सहा तारखा पडल्या. कापणारी बाई जामिनावर सुटून गावात परतली होती, आणि शेजारणींनी त्या चुलत बहिणीच्या आईशी बोलणं टाकलं होतं. सातव्या तारखेला आई साक्षीला आलीच नाही. मी तिला दोष देत नाही.

या सगळ्या प्रकरणात एकही माणूस दुष्ट नव्हता. कोणी लाच मागितली नाही. ही प्रथा ‘संस्कृती’मुळे टिकते असं म्हणणाऱ्यांना मी हे प्रकरण सांगते. ती मुलगी संस्कृतीच्या हातून निसटून आली होती. पुढे तिला आणि तिच्या बहिणीला पकडून ठेवायला पेट्रोल, फॉर्म, प्रवासभत्ता आणि बदलीचा आदेश यांचं जाळं हवं होतं, आणि ते फाटकं होतं.

नंतर आम्ही जे करू शकलो ते फार साधं होतं. उपायुक्तांच्या कचेरीत ऑक्टोबरातच बैठक लावायची, डिसेंबरात नाही. डिसेंबरसाठी पेट्रोलची वेगळी तरतूद मागून लेखी घ्यायची. पी-थ्रीचा गठ्ठा शाळेच्या मुख्याध्यापकांकडेही ठेवायचा. खटल्याची साक्ष झाल्याखेरीज त्या आरोग्य कर्मचाऱ्याला सोडू नका अशी विनंती, तीही लेखी. सरकारी वकिलांच्या कचेरीत या गुन्ह्यांसाठी 2014 पासून वेगळा कक्ष होता, त्यांचा नंबर प्रत्येक शिक्षिकेच्या मोबाइलमध्ये. यातलं एकही काम फोटो काढण्यासारखं नाही, त्यामुळे देणगीदारांना ते समजावताना घाम फुटतो. जुनं पातं टाकून देणाऱ्या कापणाऱ्या बायकांचा सोहळा लगेच पैसे आणतो. त्यातल्या काही बायका पुढच्या हंगामात नवं पातं घेतात, कारण दर मुलीमागे मिळणारी फी कोणी भरून दिलेली नसते.

आता चीफबद्दल. केनियातला चीफ म्हणजे पारंपरिक राजा नव्हे. तो सरकारी नोकर. खाकी गणवेश, हातात छडी. आपल्याकडचे तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील एकात कालवले तर जे होईल ते. झाडाखाली ‘बराझा’ भरवतो, म्हणजे गावसभा. सरकारचं गावातलं तोंड तोच. आणि तो बहुतेक वेळा त्याच कुळातला असतो. त्याची स्वतःची मुलगी, पुतणी त्या रांगेत असते. कुळाच्या ज्येष्ठांचं मंडळ, ‘इंचामा’, हंगामाचा दिवस ठरवतं, त्यात त्याचे काका बसलेले असतात.

एक चीफ मला बराझा संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, ‘मामा, मी अटक करवली तर माझ्या आईच्या मयताला कोण येईल?’ (स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई, बाईमाणसाला आदराने म्हणतात. मला पहिले सहा महिने आपण कुणाचे तरी मामा झालोय असं वाटत राहिलं.) त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. 2019 मध्ये अध्यक्ष केन्याटा यांनी 2022 पर्यंत प्रथा संपवण्याचं जाहीर वचन दिलं, ते काही पुरं झालं नाही. पण त्या काळात एक बदल झाला: तुमच्या हद्दीत मुली कापल्या गेल्या तर खुलासा तुम्हाला करावा लागेल, हे चीफ लोकांना वरून ठासून सांगितलं जाऊ लागलं. त्याच चीफला त्याचा केवढा आधार झाला सांगू? आता तो काकांना म्हणू शकत होता, ‘मी काय करू, माझी नोकरी जाईल.’ वरून येणारा दट्ट्या खालच्या भल्या माणसाला निमित्त पुरवतो. प्रशासनात निमित्ताला फार किंमत असते.

दट्ट्याला दुसरी बाजूही आहे. नोकरी जाईल म्हटल्यावर काही चीफ आपल्या हद्दीत ‘शून्य प्रकरणे’ लिहून मोकळे होतात. म्हणून प्रकरणं कळवणाऱ्याला शाबासकी आणि दडवणाऱ्याला शिक्षा, असा क्रम हवा. बहुतेक ठिकाणी तो उलटा आहे. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) आणि बालविवाहाच्या आकड्यांत हा खेळ मी मराठवाड्यातही पाहिला होता. आकडा वाढला की अधिकाऱ्याचे कान उपटायचे, मग आकडा वाढतच नाही.

शाळेबद्दल एवढंच: 2020 मध्ये कोविडमुळे मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि कुरियात हंगाम डिसेंबरची वाट न पाहता आला. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलींच्या मिरवणुका भर रस्त्याने निघाल्या. कायदा तोच, पोलीस तेच. फक्त शाळेची घंटा वाजत नव्हती. निवासी शाळेतलं एक बाकडं किती पोलिसांचं काम करतं हे तेव्हा कळलं. नारोकमध्ये अ‍ॅग्नेस पारेयो यांनी 2002 मध्ये मुलींसाठी तासारू हे आश्रयघर काढलं, ते याच जाणिवेतून. मासाई मुलगी पळून येते, तिथे राहते, शिकते, आणि घरच्यांशी तडजोडीची बोलणी महिनोन्‌महिने चालतात. 2022 मध्ये पारेयो खासदार झाल्या. ज्या मतदारसंघात एकेकाळी त्यांना शिव्या खाव्या लागल्या, त्याच नारोक नॉर्थमधून.

केनियाचा ईशान्य भाग मात्र या सगळ्या हिशेबाला धुडकावून लावतो. वाजिर, मांडेरा, गारिसा. सोमाली समाज, आणि देशाची सरासरी 15 वर आली तरी इथल्या बहुतेक सगळ्या बायका कापलेल्या. धर्माचं नाव घेऊन विषय संपवणं सोपं आहे, पण इथल्या लोकांनी सरकार कोणत्या रूपात पाहिलं तेही बघा. स्वातंत्र्यानंतर लगेच शिफ्टा युद्ध, म्हणजे सोमालियात जाऊ पाहणाऱ्या इथल्या सोमालींविरुद्ध सरकारची लढाई, मग 1991 पर्यंत आणीबाणीचे नियम, 1984 मध्ये वाजिरजवळ वागाल्ला धावपट्टीवर लष्कराने केलेलं हत्याकांड. दवाखाना, शाळा, पाणी यांच्या आधी बंदूक आली. अशा ठिकाणी त्याच सरकारचा माणूस उद्या येऊन ‘तुमच्या मुलीच्या भल्यासाठी’ म्हणाला तर कोण ऐकेल? तिथे काम करणाऱ्या माझ्या सहकारी मैत्रिणी कायद्याचं नावही काढत नसत. बाळंतपणात सरकारी दाई वेळेवर पोचली की आठवड्याने त्या बाळंतिणीशी बोलता येतं, असा त्यांचा हिशेब.

दोन इतर देश थोडक्यात, कारण ते हेच वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतात.

बुर्किना फासो गरीब देश, पण इथे सरकारने 1990 मध्येच राष्ट्रीय समिती नेमली, आणि कायदा केला 1996 मध्ये. आधी यंत्रणा, मग कायदा! समितीत पोलीस, दाया, इमाम, पाद्री, पारंपरिक प्रमुख सगळे. फुकट फोनलाइन. गस्तीवर जाणारे पोलीस अटकेआधी गावात बसून बोलायचे. खटले काही वेळा गावातच कोर्ट नेऊन चालवले, म्हणजे निकाल लोकांनी स्वतः ऐकला. 1996 च्या त्या कायद्यात शिक्षा तशी बेताची होती, सहा महिने ते तीन वर्षं, मृत्यू झाल्यास पाच ते दहा. 2010 च्या पाहणीत 76 टक्के असलेलं प्रमाण 2021 मध्ये 56 वर आलं.

गांबियात उलट क्रम. नोव्हेंबर 2015 मध्ये हुकूमशहा याह्या जामेह यांनी एका रात्रीत बंदी जाहीर केली, डिसेंबरात संसदेने शिक्का मारला. जामेह गेले आणि कायदा अनाथ झाला. पहिली शिक्षा व्हायला ऑगस्ट 2023 उजाडलं: तीन बायका, प्रत्येकी 15,000 दलासी (तिथलं चलन) दंड. तो दंड एका नामांकित इमामाने भरला आणि मोहीमच उघडली. मार्च 2024 मध्ये बंदी उठवण्याचं विधेयक 42 विरुद्ध 4 मतांनी समितीकडे गेलं. जग हादरलं. मग समितीने काम केलं: डॉक्टर, कापलेल्या बायका, धर्मगुरू, सगळ्यांना बोलावून ऐकलं. जुलैत त्याच संसदेने विधेयक पाडलं. मला विचाराल तर गांबियात खरा कायदा 2015 मध्ये झाला नाही, त्या चार महिन्यांच्या सुनावण्यांत झाला.

इजिप्तचं फक्त एक वाक्य: 1994 मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी ‘निदान स्वच्छ तरी होऊ दे’ म्हणून सरकारी रुग्णालयांना परवानगी दिली, ती पुढे मागे घेतली, पण 2014 पर्यंत कापल्या जाणाऱ्या दर पाच मुलींपैकी जवळपास चार डॉक्टर-नर्सच्या हाती होत्या.

माझ्याच क्षेत्रातल्या लोकांशी माझं एका मुद्द्यावर पटत नाही. प्रत्येक परिषदेत शिक्षा वाढवा म्हणतात. केनियात कैद झाली तर किमान तीन वर्षं, नाहीतर किमान दोन लाख शिलिंग दंड. आईला तीन वर्षं तुरुंगात टाकायचं तर त्याच मुलीला साक्ष द्यावी लागते, आणि मग तिची भावंडं सांभाळायची कोणी? परिणामी लोक बोलतच नाहीत. सोहळा बंद होतो, कापणं चालू राहतं, आणि मुलीचं वय खाली येतं, कारण सहा वर्षांची पळून शिक्षिकेकडे जात नाही. मला वाढलेली शिक्षा नको, नक्की होणारी हवी, मग ती लहान का असेना. कापणाऱ्या बाईला आणि फी खाणाऱ्या ज्येष्ठांना तुरुंग, आईबापांना न्यायालयाचा ताकीद-आदेश आणि वर्षभर देखरेख. अजून कोणी ऐकलेलं नाही.

आता आपल्या दाराशी.

दाऊदी बोहरा समाजात मुलीचा साधारण सातव्या वर्षी खतना होतो. मुंबई, पुणे, सुरत, उदयपूर, जिथे समाज आहे तिथे. ‘चल, चॉकलेट घेऊ’ म्हणून आजी भेंडीबाजारातल्या जिन्यावरून वर नेते, आणि काय झालं ते मुलीला वीस वर्षांनी कळतं, अशा आठवणी कितीतरी बायकांनी स्वतः सांगितल्या आहेत. मुंबईच्या अभ्यासक रेहाना घडियाली यांनी 1991 मध्येच यावर लिहिलं होतं. या प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या ‘सहियो’ संस्थेने 2017 मध्ये 385 बोहरा बायकांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात 80 टक्के जणींचा खतना झालेला होता. समाजातल्याच दुसऱ्या बायकांची संघटना म्हणते की आमचा खफ्ज (मुलींच्या खतन्याला त्यांचा शब्द) म्हणजे निरुपद्रवी स्पर्श, त्याला हे नाव देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या बोहरा कुटुंबाच्या खटल्यात हाच वाद झाला आणि तिथल्या सर्वोच्च पीठाने ऑक्टोबर 2019 मध्ये ठरवलं की बारीकशी चीर दिली तरी ती कायद्याखाली इजाच.

आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका आली. मे महिन्यात महिला-बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या होत्या की धर्मगुरूंनी थांबवलं नाही तर कायदा करू. डिसेंबरात त्यांच्याच मंत्रालयाने कोर्टाला सांगितलं की भारतात अशी प्रथा असल्याची कोणतीही अधिकृत आकडेवारी वा अभ्यास नाही. 2018 मध्ये अ‍ॅटर्नी जनरल म्हणाले की आहे त्या कायद्यांतही, बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सोसकट, हा गुन्हाच आहे. प्रकरण घटनापीठाकडे गेलं, आणि 2019 मध्ये त्यातला प्रश्न शबरीमला प्रकरणातून उभ्या राहिलेल्या मोठ्या पीठापुढच्या प्रश्नांत जाऊन बसला.

ते ‘अधिकृत आकडेवारी नाही’ हे वाक्य मी कुरियातल्या चीफच्या ‘शून्य प्रकरणे’शेजारी ठेवते. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्नच नाही. विचारलं नाही तर उत्तर येणार कुठून? केनियाच्या पाहणीत 1998 पासून तो आहे, म्हणून आज मी 38 आणि 15 असे दोन आकडे तुमच्यापुढे ठेवू शकले.

‘मग या बायका तक्रार का करत नाहीत?’ हे पुढचं वाक्य मला पुण्यात नेहमी ऐकू येतं. तक्रार केली तर ‘बरात’, म्हणजे समाजाबाहेर. लग्न नाही, दुकानाशी व्यवहार नाही, दफनाला जागा नाही. कुरियातल्या त्या आईशी शेजारणींनी बोलणं टाकलं तेच, फक्त इथे त्याला नाव आणि नियम आहेत. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि ते प्रकरणही बोहरांच्या सय्यदनांचंच, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंचं. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा पुन्हा केला, मुख्यतः जातपंचायती समोर ठेवून. माझं मत असं की खतन्यावर वेगळा कायदा येईल तेव्हा येईल, पण या कायद्याची अंमलबजावणी नीट झाली आणि तो या बायकांपर्यंत पोचला, तर चार जणी तरी बोलतील. पुण्यात बहिष्काराची तक्रार कोणत्या ठाण्यात, कोणत्या टेबलावर द्यायची, हे मी तीन कचेऱ्यांत विचारलं. तीन उत्तरं मिळाली.

गेल्या वर्षी एका बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडे बसले होते. तिच्याकडे नऊ वर्षांची मुलगी लघवीच्या जंतुसंसर्गासाठी आली होती. तपासताना तिला जुना व्रण दिसला. आईने मान खाली घातली. पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक, हे मैत्रिणीला माहीत होतं. कळवलं तर आई पुन्हा मुलीला घेऊन येणार नाही, हेही माहीत होतं. बालकल्याण समितीला फोन करावा की पोलिसांना, ते काय करतील, मुलगी त्या रात्री कुठे झोपेल, यातलं तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मी केनियातला पी-थ्री कसा असतो ते तिला कागदावर काढून दाखवलं: इजेचा प्रकार, अंदाजे काळ, तपासणाऱ्याची सही. तिने तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘अगं, माझ्या केसपेपरवर हे लिहायला रकानाच नाही.’